शहागडच्या खळ्यावर बिस्मथची कांडी

जालन्याला लोक कापूस विकायला जातात, लग्नाचं कापड घ्यायला जातात. मी गेलो तो एक धातूची कांडी मित्राला दाखवायला. बायको म्हणाली, "दाखवायची आणि परत न्यायची? मग एवढी वाट वाकडी कशाला करता?" मी तिच्यावर खेकसलो. मी लवकर चिडतो, हे माझ्या ओळखीच्यांना सांगायला नको. ज्यांची ओळख नाही त्यांना पुढे कळेलच.

मी आणि माझा मित्र अंबादास, दोघं हैदराबादेत एका कॉलेजाच्या प्रयोगशाळेत मदतनीस. मी रत्नागिरीकडचा, तो निजामाच्याच मुलखातला, गोदाकाठच्या शहागडचा, शेतकऱ्याचा मुलगा. बिस्मथ नावाचा एक धातू असतो. दिसायला चांदीसारखा, पण उन्हात धरला की किंचित गुलाबी झाक मारतो. हा धातू काचेच्या नळीत वितळवायचा आणि मग इतका हळू थिजू द्यायचा की सबंध कांडी म्हणजे एकच एक स्फटिक व्हावा. हे काम अंबादासनं अंगावर घेतलं होतं. रस्त्यानं टांगा गेला तरी भट्टी हादरते, आणि एका स्फटिकाच्या जागी शेकडो दाणे एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून त्यानं भट्टी तळघरात नेली. तिथल्या ओलीत, कोळशाच्या धुरात तो दीड वर्ष बसला. कांड्यांमागून कांड्या बिघडल्या. शेवटी एक साधली असं त्याला वाटलं, आणि त्याच सुमाराला खोकल्यातून रक्त पडायला लागलं. क्षय. वडील आले आणि त्याला गावी घेऊन गेले.

कांडी राहिली आमच्या प्रोफेसरांकडे. ते विलायतेला निघाले होते. हॉलंडात भयंकर थंडी तयार करणारी यंत्रं आणि प्रचंड ताकदीचे लोहचुंबक आहेत, तिथे ती तपासून घेणार होते. पण त्यांचा भरवसा नव्हता. "वरून एकसंध दिसते," ते म्हणाले, "आम्लात धुतली तर वरची साल कळते. आत दाणे असतील तर मी तिथे तोंडघशी पडेन." तरी नेतो म्हणाले. ते पुढे मुंबईला गेले, कांडी मागून नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि वाटेत जालन्याला उतरून ती एकदा अंबादासच्या हातात द्यायची असं मी परस्पर ठरवलं. डॉक्टरांनी त्याचं काही खरं नाही असं सांगितलं होतं. त्याला या जगातलं एकच कळायचं होतं, आपली कांडी एक आहे की नाही.

जुना जालना

गाडीतून उतरताना हमालानं माझी ट्रंक फलाटावर अशी आदळली की तिचा कोपरा माझ्या हातातल्या पेटीवर बसला. त्याच पेटीत कांडी होती. उघडून पाहतो तर कांडीभोवतीची काचेची नळी तडकलेली. कांडी शाबूत होती. बिस्मथ चांदीसारखा वाकत नाही, खडीसाखरेसारखा तुटतो. आता तिला मऊ काहीतरी गुंडाळायला हवं होतं, म्हणून टांगा करून जुन्या जालन्यात गेलो.

गल्ल्या अरुंद आणि दुकानं खच्चून भरलेली. एकीकडे धान्याची पोती, दुसरीकडे कापडाचे तागे, आणि मधून माणूस, बैल, हातगाडी सगळे एकाच वेळी चाललेले. आमच्याकडे बाजाराला नारळाचा आणि सुक्या मासळीचा वास असतो. इथे सरकीचा आणि मिरचीचा. एका दुकानाच्या पायरीवर पेटी उघडून मी कापूस मागत होतो, तेवढ्यात एका पोलीस जवानाची नजर कांडीवर गेली. गावात नुकतीच कुठल्याशा देवळातली चांदी चोरीला गेली होती म्हणे. परगावचा माणूस, हातात लखलखणारी कांडी आणि ती कापसात लपवायची धडपड. त्याचं तरी काय चुकलं?

"मास्तर, जरा सराफाकडं चला," तो म्हणाला. बोलणं गोड, पण माझं कोपर त्यानं धरलंच. "बराबर तपास झाला की तुम्ही मोकळे."

सराफ म्हणजे पांढऱ्या मिशांचे एक शेटजी, गादीवर मांडी घालून बसलेले. त्यांनी कांडी हातात तोलली, उजेडात फिरवली.

"चांदी न्हाई म्हणता?"

"नाही."

"मंग वाजवून बघू."

त्यांच्यापुढे काळ्या दगडाची एक फरशी होती. आयुष्यभर रुपये आपटून आपटून तिचा मधला भाग गुळगुळीत झाला होता. खरं नाणं खणखणतं, खोटं बद्द बोलतं. इथल्या सराफाचा हात त्या फरशीकडे आपोआप जातो, ताटाकडून तोंडाकडे जावा तसा. शेटजींनी कांडी उचलली. ती त्या दगडावर आपटली असती तर अंबादासच्या दीड वर्षाचे तुकडे मी त्याच्यापुढे नेऊन ठेवले असते. मी झेप घेऊन शेटजींचं मनगट पकडलं.

सराफाच्या गादीवर चढून सराफाचाच हात धरायचा! चोर असतो तरी मी एवढं धाडस केलं नसतं. जवानानं माझी कॉलर धरली, रस्त्यावरचे चार लोक आत डोकावले. मी ओरडलो, "अहो, फुटेल ती! आपटू नका! दिव्यावर धरून बघा, चांदी आहे की नाही लगेच कळेल!"

शेटजींनी हात सोडवून घेतला. मग कांडीच्या खडबडीत टोकाचा एक कण त्यांनी माझ्याकडूनच खरवडून घेतला, पळीत ठेवला आणि समईच्या ज्योतीवर धरला. कणाचा चटकन थेंब झाला. चांदी अशी वितळत नाही, त्याला भट्टी लागते.

"कथलाच्याच जातीचं दिसतंय काहीतरी," शेटजी म्हणाले. "सोडा त्यांना. काय मास्तर, एवढ्यासाठी माझा हात धरला? हिचं लग्नबिग्न लावून द्यायला चाल्लात काय?"

सगळे हसले. मला हसू येईना. मी मित्राच्या आजाराचं सांगितलं तेव्हा मात्र शेटजींचं हसू गेलं. त्यांनी आतून सावरीचा रेशमासारखा कापूस मागवला आणि स्वतःच्या हातानं कांडी त्यात गुंडाळून दिली. मला पुढ्यात बसवून सुशीला खायला घातला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा फोडणी दिलेला पदार्थ, वर शेंगदाण्याचं कूट. आम्ही कोकणातले लोक पोह्यांना मान देतो, पण त्या दिवशी मी दोनदा मागून घेतला.

अंबडहून पुढे

अंबडपर्यंत सर्व्हिस मोटारीनं गेलो. मोटारीत माणसं किती आणि कोंबड्या किती हे सांगणं कठीण. पेटी मांडीवर आणि दोन्ही कोपरं बाहेर काढून बसलो होतो, त्यामुळे शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

अंबडला अंबादासचे वडील बैलगाडी घेऊन आले होते. त्यांना सगळे नाना म्हणतात. उंच, वाळलेले, डोक्याला तांबडा फेटा. त्यांनी गाडीत कडब्यावर घोंगडी अंथरली होती.

"बसा मास्तर. आणा ती पेटी हिकडं."

"राहू द्या, मीच धरतो."

"बरं. लेकराला धरल्यावानी धरलीय," ते म्हणाले आणि बैलांना हाक दिली.

शहागडची वाट काळ्या रानातून जाते. माझ्या गावची माती तांबडी, जमीन डोंगराला टेकलेली, पाहावं तिकडे झाड. इथे नजर अडवायला काही नाही. कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या, ज्वारी काढून झालेली, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. पहिल्या तासाभरात मला ते उदास वाटलं. नंतर हे मोकळं आभाळ आवडायला लागलं, का ते सांगता यायचं नाही. नाना चाकोरीतले खड्डे चुकवत गाडी इतकी सावकाश हाकत होते की मागच्या गाड्या आम्हाला टाकून पुढे गेल्या. पेटीत काय आहे हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. माझं पत्र अंबादासनं त्यांना वाचून दाखवलं होतं.

एका ओढ्यात बैलांना पाणी पाजताना ते म्हणाले, "मास्तर, एक मागणं हाये."

"बोला ना."

"पोरगं तुम्हाला ती कांडी फोडून बघा म्हणंल. आत एक हाये का न्हाई, ते फोडल्याबिगर दिसत न्हाई म्हणतंय. फोडू नका."

मी म्हटलं, माझाही फोडायचा विचार नाही, ती मुंबईला न्यायची आहे.

"तसं न्हाई," नाना म्हणाले. त्यांनी फेट्याचं टोक काढून तोंड पुसलं. "ते त्या उत्तरावर जगून राह्यलंय. डाक्टर म्हणला होता दिवाळी बघणार न्हाई. दिवाळी गेली, संक्रांत गेली. रोज इचारतंय, मास्तरचा सांगावा आल्ता का. इलायतेहून उत्तर यायला म्हैने लागू द्या, मी म्हणतो वरीस लागू द्या. तवर ते थांबंल. तुम्ही आजच सांगून टाकलं तर मंग कशासाठी थांबंल ते?"

मी नुसती मान हलवली, आणि त्यांनी ते वचन धरलं.

शहागड

आमच्याकडे क्षयाच्या माणसाला माजघरात कोंडतात, खिडक्यासुद्धा लावून घेतात. इथे अंबादासची बाज उघड्या शेतात होती, खळ्याच्या कडेला, लिंबाखाली. त्याची भांडी वेगळी, पण माणूस वेगळा नव्हता. येता-जाता प्रत्येकजण त्याच्याशी बोलत होता. आईनं माझ्या पायांवर पाणी घातलं, हातावर गूळ ठेवला. अंबादास उशाला टेकून बसला होता. मी त्याला ओळखलं ते डोळ्यांवरून. बाकी काही ओळखू येण्यासारखं उरलं नव्हतं. मला रडू फुटलं. मी ते लपवलंही नाही.

"अरे, मी बसून राह्यलोय अन् तू रडतोस?" तो म्हणाला. "आण ती हिकडं."

त्यानं कांडी हातात घेतली. तिच्यावरून टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवलं. खळ्यात ज्वारीची मळणी चालली होती. मधोमध रोवलेल्या खांबाला, म्हणजे तिवड्याला, जुंपलेले बैल कणसांवरून गोल गोल फिरत होते. नाना त्यांच्या मागे होते. आईनं धपाटे आणि दह्यातली मिरची आणली, नदीच्या वाळूतल्या वाडीवरचं टरबूज कापलं. आम्ही जेवलो. अंबादासनं एक फोड खाल्ली.

"नाना," त्यानं वडिलांना हाक मारली, "मी हे काय करत होतो ते तुम्ही कवा इचारलंच न्हाई."

"मला काय समजतंय त्यातलं?"

"समजंल. बघा. धातूत इलेक्ट्रॉन असत्यात, दिसत न्हाईत इतके बारीक. लोहचुंबक लावला की ते सरळ जायचं सोडून गोल फिरत्यात, ह्या बैलांवानी. पर खळ्यात दगड असले, भेगा असल्या, तर?"

"बैल ठेचाळतंय."

"तसंच. कांडीत दाणे असले, मळ असला, तर इलेक्ट्रॉन रिंगण पुरं व्हायच्या आत ठेचाळतो. कांडी एकसंध अन् चोख असली, वर मरणाची थंडी असली, तरच रिंगण पुरं होतं. अन् रिंगण कुठलं बी चालत न्हाई, ठरल्या मापाचंच. चुंबकाचा जोर वाढवीत गेलं की एकेक रिंगण रिकामं होतं. तवा त्या धातूतून जाणारी वीज कधी जास्ती अडते, कधी कमी. पुन्हा जास्ती, पुन्हा कमी. तिकडं त्यांना ते दिसलंय. आपल्या कांडीत दिसंल का, ते बघायचंय."

एवढं बोलून त्याला धाप लागली. नाना बैलांकडे बघत राहिले.

नाना पलीकडे गेल्यावर अंबादासनं माझा हात धरला. "तिकडचं मला बघायला मिळायचं न्हाई. माझं काम कांडी एक करायचं होतं. ते झालं का न्हाई, तेवढं कळू दे. टोकाकडचं बोटभर तोड. स्फटिक एक असला तर आरशावानी सपाट तुटंल. दाणे असले तर मिठाच्या खड्यावानी चमचम दिसंल."

"आणि तडा वाकडा गेला तर? सबंध कांडी जाईल. प्रोफेसर बोटीवर चढायच्या बेतात आहेत."

"कांडी कुणाची?"

"तुझी. पण मी नाही तोडणार," मी म्हणालो, आणि आवाज चढला. "नानांना शब्द दिलाय मी."

मग त्याला सगळं कळलं. तो माझ्याशी बोलेना. मला त्याचा राग आला, नानांचा आला, प्रोफेसरांचा आला. तरातरा नदीवर गेलो. आमच्या नद्या डोंगरातून निघतात आणि धावत समुद्रात पडतात. इथली गोदावरी फाल्गुनातच आटलेली, अर्धं पात्र वाळूचं, आणि त्या वाळूत टरबुजांचे वेल पसरलेले. तिथे बसून मी स्वतःला चार शिव्या दिल्या. एकानं कळायला हवं म्हणायचं, दुसऱ्यानं कळू नये म्हणायचं, दोघंही प्रेमापोटीच, आणि मध्ये मी. उन्हं उतरेपर्यंत बसलो, तरी काही सुचलं नाही. शेवटी परत जाऊन नानांना सांगितलं, "मी त्याला काही समजावणार नाही. तुमचं तुम्ही दोघं बघा." हे बोलणं मला शोभलं नाही, पण दुसरं काही माझ्याच्यानं होण्यासारखं नव्हतं.

पहाटे गारठा होता. मी उठून पाहतो तर नाना बाजेशी उभे. एका हातात दाढीचं पातं, दुसऱ्यात कणसं बडवायची लाकडी मोगरी.

"मास्तर, आणा कांडी," ते म्हणाले. "थंडीत बरी तुटंल म्हणतंय हे."

"नाना, तुम्हीच तर..."

"सांजच्याला त्याला दूध पाजून राह्यलो होतो. त्याचा जीव समदा त्या पेटीत. मला वाटलं, मीच त्याला उपाशी ठिवून जगवून राह्यलोय. हे बराबर न्हाई."

कांडी एका पाटावर ठेवली. अंबादासनं पातं कुठे आणि कसं धरायचं ते दाखवलं, पण घाव घालायची ताकद त्याच्यात नव्हती. पातं मी धरलं आणि नानांनी मोगरी उचलली. ज्या माणसाला हे उत्तर नको होतं त्यानंच घाव घातला, अगदी हलका, अक्रोड फोडावा तसा. टक्. बोटभर तुकडा बाजूला पडला.

अंबादासनं तो उचलला. उगवतीकडे धरला. तुटलेली बाजू कडेपासून कडेपर्यंत एकच होती, पाण्यासारखी सपाट, आणि तिच्यातून सकाळचा उजेड असा उसळला की माझे डोळे दिपले. एक दाणा नाही, एक रेघ नाही. उरलेल्या कांडीचं तोंडही तसंच, स्वच्छ. मी ओरडलोच. "अंबादास, एक आहे रे! एकच आहे!"

तो हसला फक्त. इतकं पोटभर हसताना मी त्याला हैदराबादेत कधी पाहिलं नव्हतं.

नाना मोगरी हातात धरून उभेच होते. "मंग," त्यांनी विचारलं, "झालं का उत्तर?"

अंबादासनं मान वर केली. वडिलांच्या चेहऱ्याकडे तो बघत राहिला. त्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता यायचं नाही. मग तो सावकाश म्हणाला, "न्हाई, नाना. हे तर निस्तं खळं झाडून झालं. बैलं अजून फिरायचीत. कांडी एक हाये म्हणल्यावर आता खरी गंमत हाये. रिंगणं दिसतात का न्हाई, ते तिकडून यायचंय."

"म्हंजी उत्तर अजून यायचंय?"

"यायचंय."

"लई दिवस लागतील?"

"लागतील की. इलायत का जवळ हाये?" तुकडा त्यानं मुठीत घट्ट धरला. "मला बी बघायचंय आता."

नाना बाजेच्या कडेला बसले. त्यांनी मुलाच्या पायावर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले. खळ्यावर बैल जुंपायची वेळ टळून गेली तरी कुणी उठलं नाही.

मुंबई, आणि नंतर

तुकडा अंबादासकडे ठेवून मी कांडी मुंबईला नेली. प्रोफेसरांना सगळं खरं खरं सांगितलं आणि बोलणी खायच्या तयारीनं उभा राहिलो. ते तुटलेल्या तोंडाकडे भिंगातून पुष्कळ वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "अंबादासला सांगा, मी चुकलो होतो." शेटजींच्या सावरीच्या कापसासकट कांडी त्यांनी स्वतःच्या बॅगेत ठेवली.

याला आता बरेच महिने झाले. हॉलंडात काम चालू आहे, चुंबकापाशी आमच्या कांडीची पाळी यायची आहे, एवढंच कळलं आहे. परवा शहागडचा एक माणूस हैदराबादेला आला होता. अंबादास आहे. पावसाळ्यात बाज घरात घेतली होती, आता पुन्हा लिंबाखाली मांडली आहे. नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, इलायतेहून आमचं उत्तर यायचंय, अन् इलायत लई लांब हाये.

पूर्वी डाक एक दिवस उशिरा आली तर मी पोस्टात जाऊन भांडत असे. आजही पोस्टमन आमच्या दारावरून तसाच पुढे गेला. बायकोनं विचारलं, "अजून काहीच नाही?" मी म्हटलं, "नाही. तेच बरं आहे."